मायक्रोपायथनमध्ये पीडब्ल्यूएम: आधी वारंवारता, मग ड्यूटी

रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची पिन 0 किंवा 3.3 व्होल्ट एवढेच देऊ शकते. पिन फार वेगाने चालू-बंद केली आणि एका आवर्तनातील 25 टक्के वेळच चालू ठेवली, तर सरासरी 0.825 व्होल्ट मिळतात. या पद्धतीला पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन), चालू राहण्याच्या या प्रमाणाला ड्यूटी आणि सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येला वारंवारता म्हणतात.

पिको, लाल एलईडी, 330 ओहमचा रेझिस्टर आणि ब्रेडबोर्ड हे सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या परिसरात मिळते. जीपीआयओ 15 (कोडमधून चालू-बंद करता येणारी 15 क्रमांकाची पिन) पासून रेझिस्टरमार्गे एलईडीचा लांब पाय जोडावा आणि आखूड पाय ग्राउंडला द्यावा. कोडमध्ये 15 हाच आकडा लिहायचा असतो. बोर्डाच्या कडेने मोजल्यास हीच पिन विसावी येते.

थॉनी या कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये मायक्रोपायथनच्या (मायक्रोकंट्रोलरसाठीच्या पायथनच्या) ‘मशीन’ मॉड्यूलमधून ‘पिन’ व ‘पीडब्ल्यूएम’ इम्पोर्ट करावेत, पिन 15 वर पीडब्ल्यूएम ऑब्जेक्ट तयार करावा, ‘फ्रीक’ला (freq, म्हणजे वारंवारता) 1000 द्यावे आणि त्यानंतरच ‘ड्यूटी यू16’ला (duty_u16) 0 ते 65535 मधील मूल्य द्यावे; 65535 म्हणजे पूर्ण वेळ चालू. वारंवारता आधी ठरवावी, असा माझा आग्रह आहे, कारण ती जोडलेल्या उपकरणावर अवलंबून असते. एलईडीला 1000 हर्ट्झ पुरेसे आहेत. सर्व्होला (दिलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरला) साधारणपणे 50 हर्ट्झ लागतात. डीसी मोटर मात्र 1000 हर्ट्झला कर्कश गुणगुणते, म्हणून तिला 20 किलोहर्ट्झच्या आसपास चालवणे बरे.

पिकोच्या आरपी2040 चिपमध्ये पीडब्ल्यूएमचे 8 स्लाइस (विभाग) असून प्रत्येकाला दोन चॅनेल (आउटपुट) आहेत. एकाच स्लाइसच्या दोन्ही चॅनेलची ड्यूटी वेगळी ठेवता येते, परंतु वारंवारता एकच राहते. जीपीआयओ 14 आणि 15 हे एकाच स्लाइसवर असल्याने 15 वर एलईडी आणि 14 वर सर्व्हो लावल्यास, ज्याची वारंवारता शेवटी दिली तीच दोघांना लागू होते. कोड निर्दोष दिसत असूनही सर्व्हो थरथरत असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा आणि सर्व्हो जीपीआयओ 12 वर हलवावा.

सर्व्होचे आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते आणि मध्यस्थितीसाठी 1.5 मिलिसेकंदांचा पल्स लागतो, म्हणजे ड्यूटी सुमारे 4915. हा हिशेब टाळायचा असल्यास ‘ड्यूटी एनएस’ला (duty_ns, पल्सची लांबी नॅनोसेकंदांत) थेट 1500000 द्यावे. सर्व्होला वेगळा 5 व्होल्टचा पुरवठा द्यावा, ग्राउंड मात्र पिकोशी जोडलेले असावे. मोटर थेट पिनवर कधीही लावू नये, 3.3 व्होल्टवर पूर्ण उघडणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि मोटरला समांतर उलटा डायोड आवश्यक आहे.

पीडब्ल्यूएम हार्डवेअर चालवत असल्यामुळे कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवला तरी मोटर फिरत राहू शकते. म्हणून मुख्य लूप ‘ट्राय’मध्ये ठेवावा आणि ‘फायनली’मध्ये (शेवटी हमखास चालणाऱ्या भागात) आधी ड्यूटी शून्य करून, एक आवर्तन पूर्ण होईल इतके थांबून, मगच ‘डीइनिट’ (deinit, म्हणजे पीडब्ल्यूएम बंद) करावे; घाई केल्यास पिन चालू स्थितीतच अडकण्याची शक्यता असते.