मुलांना विनोदी गोष्ट लिहायला शिकवताय? या चुका टाळा

‘मग सगळे पोट धरधरून हसले.’ मुलांच्या विनोदी गोष्टींत हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की ते दिसलं की माझ्या कपाळावर आठी पडते. गोष्टीतले सगळे हसतात, वाचणारा कोरडाच. यात मुलांचा दोष थोडा, आपला जास्त. ‘गंमत येऊ दे जरा’ एवढंच सांगून आपण मोकळे होतो. मग मूल बिचारं ‘मजेशीर’, ‘विचित्र’, ‘गमतीदार’ असे शब्द पेरत सुटतं.

असा शब्द दिसला की मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि एकच विचारते, ‘मला दिसलं नाही. तुला काय दिसलं?’ ‘काका विचित्र दिसत होते’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काही येत नाही. पण काकांनी पहिलंच बटण दुसऱ्या काजात घातलं, त्यामुळे खालपर्यंत सगळी बटणं एकेक काज पुढे सरकली, शेवटच्या बटणाला काजच उरलं नाही आणि या अवतारात काका शिस्तीवर भाषण देत होते, असं लिहिलं की ‘विचित्र’ हा शब्द आपोआप गळतो. काका गंभीर राहिले, हेही महत्त्वाचं. सांगणारा स्वतःच हसू लागला की गंमत गेली.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग. एका सुट्टीतल्या शिबिरात वेळ कमी होता. मी फळ्यावर उपमांची यादीच लिहून दिली : भोपळ्यासारखं पोट, सुपासारखे कान, वगैरे. दुसऱ्या दिवशी 22 वह्या आल्या. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीत एक मामा आणि त्याचं भोपळ्यासारखं पोट. एका गोष्टीत तर मुंगीचं पोटसुद्धा भोपळ्यासारखं! आदल्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलीने मात्र लिहिलं होतं, ‘आजोबा घोरायला लागले की वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं.’ यादी न मिळाल्यामुळे ती वाचली होती.

तेव्हापासून यादी बंद. आता मी मुलांना एकाच वस्तूसाठी तीन उपमा सुचवायला लावते आणि पहिल्या दोन खोडायला सांगते. पहिली सगळ्यांनाच सुचते, दुसरी शेजाऱ्याच्या वहीतून येते. तिसरीसाठी मूल खिडकीबाहेर बघत बसतं, बसू द्यावं. ‘एका तासात पाच युक्त्या शिकवा’ म्हणणारे पालक भेटतात. त्यांना ही पाच मिनिटांची शांतता सोसवत नाही.

अतिशयोक्तीचं म्हणाल, तर मुलं पहिल्याच ओळीत आकाशाला भोक पाडतात आणि मग वर चढायला जागा राहत नाही. व्याकरणात शिकवलं जाणारं दमडीच्या तेलाचं उदाहरण आठवा. सुरुवात घरातल्या साध्या कामांनी होते, उरलेलं तेल झाकून ठेवलं जातं आणि अखेरीस त्या तेलाच्या ओघळात उंट पोहतो. उंट शेवटी येतो म्हणून हसू येतं. आकडा वापरायचा तर तोही नेमका हवा. ‘खूप शिंकला’पेक्षा ‘सतरा शिंका दिल्या, अठरावी अर्ध्यात अडकली’ बरं.

धपकन, फस्सकन, खर्रर्र हे शब्द मिठाएवढेच. पानभर धडामधुडूम झालं की कान बधिर होतात.

‘आणि तो झोपेतून जागा झाला’ असा शेवट मी वही मिटून परत करते. कारणही सांगत नाही.

कोणाच्या जाडेपणावर, रंगावर, तोतरेपणावर विनोद नको. हसायचंच असेल तर ‘मी’ला पाडा.

शुद्धलेखन आधी तपासू नका. वाक्यरचना तर मुळीच नको. मराठीत क्रियापद शेवटी येतं, पण ‘सरांनी ऐटीत छत्री उघडली आणि आतून पडला आठवडाभर हरवलेला चष्मा’ या वाक्यात चष्मा शेवटीच हवा. तो ‘सुधारून’ क्रियापदाच्या आधी नेला की हसू अर्धं होतं. असे लाल शाईचे पराक्रम मी भरपूर पाहिलेत.

शेवटी गोष्ट मोठ्याने वाचून घ्यायची, आणि तीही दुसऱ्या मुलाकडून. लिहिणारा स्वतः वाचतो तेव्हा हातवाऱ्यांनी भोकं बुजवतो. दुसरा वाचत असताना कोणी हसलं नाही की लिहिणारा अस्वस्थ होतो आणि मध्येच बोलतो, ‘म्हणजे ना, तो पळत होता तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायात बहिणीचा बूट.’ तेव्हा मी वही त्याच्यापुढे सरकवते आणि विचारते, हे यात कुठे लिहिलंय?