घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करायची तर आधी अर्थिंग बघा, अ‍ॅम्प नंतर

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. अशा घरात अ‍ॅम्पसमोर माइक लावून गिटार रेकॉर्ड करायचा हट्ट मी वर्षभर धरला. त्या वर्षातला कुठलाही ट्रॅक आज लावला तरी गिटारच्या मागे मागाची खटखट ऐकू येते, आणि तीही तालात नाही.

म्हणून दाटीच्या वस्तीत राहणाऱ्याला माझं सांगणं असतं की पहिला पैसा अ‍ॅम्पवर घालू नका. गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे गिटारचा सिग्नल लॅपटॉपला कळेल असा करणाऱ्या डबीला जोडा, तिचा कोरडा, म्हणजे अ‍ॅम्प-इफेक्टशिवायचा आवाज लॅपटॉपवर घ्या आणि अ‍ॅम्पचं काम सॉफ्टवेअरवर सोडा. पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकी पट्टीला, फक्त तारेची थरथर कळते, खोलीतला आवाज त्याच्या खिजगणतीत नसतो. मग मागे माग चालू असो, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेचे भोंगे वाजत असोत किंवा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत असोत, रेकॉर्डिंगला काही फरक पडत नाही.

सुरुवात गिटारपासून

रेकॉर्डिंगच्या एक-दोन दिवस आधी तारा बदला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकतो, घामाने तारा लवकर काळ्या पडतात आणि काळी तार कुठल्याही सॉफ्टवेअरने चमकत नाही. तारा बसल्या की बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा निघाला तर ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, थोडं मागे, म्हणजे नेकपासून लांब घ्या. उतरता निघाला तर पुढे. स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, तार पुन्हा सुरात लावायची आणि पुन्हा बघायचं. वीस मिनिटांचं काम आहे, पण यात टाळाटाळ केली की वरच्या फ्रेटवरचा प्रत्येक कॉर्ड बेसूर लागतो आणि आपण उगाच प्लगिनला, म्हणजे अ‍ॅम्पचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या घालतो.

इंटरफेस घेताना

महागड्या इंटरफेसची गरज नाही. पाच-सात हजारांपासून चालण्यासारखे मिळतात. स्कारलेट सोलोच्या वर्गातला घेतला तर पुढची काही वर्षं बघावं लागत नाही. बघायचं ते इतकंच की त्यावर गिटारसाठी वेगळं इनपुट किंवा ‘इन्स्ट’ लिहिलेलं बटण आहे ना. गिटारचा पिकअप नाजूक सिग्नल देतो आणि त्याला साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं. हीच गिटार १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली तर वरचा सगळा चकचकीतपणा जातो, कांबळ्याखालून वाजवल्यासारखं ऐकू येतं. बटण दाबायला विसरून दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं वाजवावं लागलेला मी एकटाच नसेन. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात कन्व्हर्टर पिन खुपसून बघायचा मोह मात्र टाळा.

ती घूं कुठून येते

खरी डोकेदुखी इथे असते. सगळं जोडलं, गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) वाढवला, आणि हेडफोनमध्ये सलग ‘घूं’. मी आधी केबल बदलली, मग पिकअपवर संशय घेतला. शेवटी सहज लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली आणि आवाज एकदम निम्म्यावर आला. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडला, टेस्टर फिरवला आणि हसला : “तिसरं भोक नुसतं शोभेला हाय बघा. मागं वायरच न्हाई.” जुन्या घरात हे सर्रास सापडतं. अर्थिंग करून घेतल्यावर घूं गेली, शिवाय तारांना हात लावल्यावर कधीमधी बसणारी बारीक चुणचुणही थांबली. ती चुणचुण मी ‘असतंच’ म्हणून सोडून दिली होती, हा माझा शुद्ध मूर्खपणा.

घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाका, असा सल्ला देणारे भेटतात. अजिबात ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. अर्थिंग होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

यानंतरही थोडी घूं उरली तर ती बहुधा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिचा आणि तिच्या पटींचा गुंजारव हे पिकअप आसपासच्या वायरिंगमधून उचलतात. स्टुलावर बसा, वाजवायच्या तयारीत तारांवर हात ठेवा आणि गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका कोनात आवाज अगदी दबतो. तिथे जमिनीवर खडूने खूण करा आणि तिकडेच तोंड करून वाजवा. आमच्या घरात ते तोंड देवघराकडे होतं, त्यावरून आईने काढायचा तो अर्थ काढलाच. दोन वेटोळ्यांच्या हंबकर पिकअपवाल्यांना हा व्याप फारसा नाही.

राहिला पंखा. उन्हाळ्यात तो बंद करणं अशक्य, आणि थेट रेकॉर्डिंगला त्याच्या वाऱ्याचं काही नाही. पण गोल फिरणाऱ्या बटणाचे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर पिकअपमध्ये तडतड सोडतात. पंखा पूर्ण वेगावर ठेवला की ती बरीच कमी होते. केबल गिटारचीच, शिल्ड असलेली घ्या. तीन मीटर घरात पुष्कळ झाली. तिला चार्जरच्या वायरबरोबर गुंडाळू नका.

गेन आणि उशीर

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवा आणि मीटरचा काटा उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल इतकाच गेन द्या. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. २४ बिटला कमी आवाजात घेतलेलं नंतर निवांत वाढवता येतं, फाटलेलं मात्र शिवता येत नाही.

तार छेडली आणि आवाज मागाहून आला तर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच, हा उशीर कमी ठेवणारा आसिओ ड्रायव्हर टाका. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत. जाऊन-येऊन आणि इतर वेळ धरून दहा मिलिसेकंदांपर्यंत गेलं तरी घाबरू नका, अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी आवाज कानाशी यायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

अ‍ॅम्प, पण आतला

रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर घ्या, ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. मॅक असेल तर त्यात गॅरेजबँड फुकटच आहे आणि त्यात अ‍ॅम्पही आहेत. प्लगिनमध्ये न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर मोफत आहे. खऱ्या अ‍ॅम्पवरून तयार केलेली मॉडेल्स त्यात उघडतात. नवख्यांची एक चूक ठरलेली. नुसत्या अ‍ॅम्प हेडचं मॉडेल लावतात आणि ‘माशी घोंघावते’ म्हणून तक्रार करतात. त्यापुढे कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा इम्पल्स रिस्पॉन्स (आयआर) लावायलाच हवा. स्पीकर वरच्या कर्कश लहरी गाळतो, ते काम आयआर करतो. डिस्टॉर्शन तुम्हाला आवडतं त्याहून थोडं कमी ठेवा.

माइकच लावायचा असेल तर

होटगी रोडला किंवा जुळे सोलापुरात ऐसपैस घर असेल, शेजारी समजूतदार असतील, तर अ‍ॅम्पची हौस जरूर करा. माइक डायनॅमिक घ्या. शुअरचा एसएम५७ हा १९६५पासून बाजारात असलेला माइक गिटार अ‍ॅम्पसमोर आजही चालतो, आणि त्याला इंटरफेसमधून माइकला जाणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही लागत नाही. मोबाइलचा टॉर्च जाळीवर टेकवून आतला स्पीकरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा बघा. मधल्या गोल टोपीची कड जिथे कोनला मिळते, तिच्यासमोर जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर माइक ठेवा. टोपीच्या मध्याकडे सरकवला तर आवाज तिखट होतो, कडेला नेला तर मऊ. माइक बोटभर हलवून जो फरक पडतो तो इक्वलायझरची बटणं अर्धा तास फिरवूनही मिळत नाही.

सोलापूरकर म्हणून चादर टांगायचा विचार मनात येणारच. आपली चादर चांगली आहे, पण ती सुती आणि पातळ. भिंतीवरून परतणारा वरचा आवाज थोडा खाते, बाकी काही नाही. त्यापेक्षा जाड वाकळ दुहेरी करून माइकच्या मागे टांगा आणि अ‍ॅम्पखाली घडी घातलेली गोधडी ठेवा, म्हणजे खालच्या मजल्यावर हादरे कमी जातात. शेजाऱ्याचे कान मात्र यातल्या कशानेच वाचणार नाहीत, त्याला आधी सांगून ठेवा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर तो स्पीकर काढून कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

वाजवताना आणि नंतर

ऱ्हिदम भरदार हवी असेल तर तोच भाग दोनदा वाजवा, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा.

आणि कोरडा ट्रॅक पुसू नका. आज आवडलेला टोन महिन्याभराने नकोसा होतो, कोरडा ट्रॅक असला की नुसता प्लगिन बदलायचा. पुण्यातल्या मित्राकडे मिक्सिंगला पाठवणार असाल तर सगळ्या फाइली गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या, २४ बिट वेव्ह स्वरूपात काढा, फाइलच्या नावातच बीपीएम (मिनिटाला किती ठोके) लिहा, आणि सोबत तुमच्या टोनचा एक कच्चा नमुना जोडा, म्हणजे तुमच्या डोक्यात काय होतं ते त्याला फोन न करता कळेल.