ग्रुपवर कुणाची अब्रू गेली, तर अॅडमिनने काय करावं?

समजा, रात्री अकराला शिवाजी पेठेतल्या एखाद्या तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतो: ‘हा चोर आहे, ओळखून ठेवा.’ दुसऱ्या दिवशी कळतं, माणूस निर्दोष आहे. अॅडमिन घाईने फोटो डिलीट करतो आणि तिथेच पहिली चूक होते, कारण त्या माणसाच्या हातचा पुरावा जातो.

आधी सेटिंगमध्ये ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे चालू करा. मग स्क्रीनशॉट घ्या. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ आणि ‘फॉरवर्डेड’ची खूण त्यात दिसली पाहिजे, कापाकापी नको. मूळ फाइलही त्याच फोनमध्ये ठेवा. एवढं झाल्यावर सगळ्यांसाठी डिलीट करा. तरी ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरला, त्यांच्या गॅलरीत तो राहू शकतो. तोही पुसायला सांगा.

खरं काम पुढे आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडक धर्माचरणाच्या ख्रिस्ती पंथाने, १६९४ साली कायदा केला: व्यभिचारी ठरलेल्याने अंगावरच्या कपड्यावर दोन इंची ‘ए’ अक्षर कायम वागवायचं. फॉरवर्ड झालेला फोटो तसाच चिकटतो. पण त्याच समाजात सॅम्युएल स्यूअल हे न्यायाधीशही होते. सेलमच्या चेटूक खटल्यांत १६९२ मध्ये १९ जणांना फाशी झाली, त्या खटल्यांच्या न्यायाधीशांत तेही होते. १६९७ मध्ये स्यूअल बोस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभे राहिले आणि दोष त्यांनी स्वतःकडे घेतल्याचं पत्र पाद्र्यांनी वाचलं. बदनामी चव्हाट्यावर, तर माफीही चव्हाट्यावरच हवी. कानात सांगितलेली माफी कामाची नाही.

म्हणून दुरुस्तीचा मेसेज चार ओळींचा लिहा: काय चुकीचं होतं, कुणी टाकलं, खरं काय, पुढे कुठे पाठवायचं. फोटो पुन्हा टाकू नका. नाव घालायचं का, हे त्या माणसालाच विचारा. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी’ ही माफी नव्हे. चूक कुणाची, हे त्यात कुठेच येत नाही. ज्या ज्या ग्रुपवर फोटो गेला, तिथे तिथे मेसेज गेला पाहिजे, आणि चौकातल्या फळ्यावर नाव लागलं असेल तर फळ्यावरही.

पोलीस तपासात किंवा खटल्यात आलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हा बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. तिथे दुरुस्तीतही नाव नको. भावकीने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. जपलेले स्क्रीनशॉट सोबत न्या.