पावसाळ्याचे चार महिने मोटरसायकल कशी ठेवावी

थंड देशांत बर्फ पडू लागला की मोटरसायकल झाकून ठेवतात आणि उन्हे आली की बाहेर काढतात. मुंबईत डिसेंबर-जानेवारी हेच गाडी चालवण्याचे सर्वांत सुखाचे दिवस, त्यामुळे आपल्याकडे गाडीची सुट्टी पडते ती पावसात. हवामान खात्याच्या सरासरी तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. रोज कामावर जायला गाडीच लागते त्यांना ही सुट्टी परवडणारी नाही. पण ज्यांची गाडी रविवारी नेरळ-माळशेजपुरती बाहेर पडते आणि पावसात जे लोकलनेच जातात, त्यांनी ती जागच्या जागी उभी सोडून देण्याऐवजी नीट तयारी करून ठेवावी.

हे मी अनुभवाने शिकलो. आमची इमारत माहीमला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्या वर्षी मी गाडी धुतली, तिच्यावर जाड प्लास्टिकचे कव्हर घातले, ते खालून दोरीने घट्ट आवळले आणि निर्धास्त झालो. गणपती झाल्यावर कव्हर काढले तेव्हा आत कोंदट वास होता, सीटवर बुरशी होती, इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर पांढरे फुटवे आले होते आणि बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट थर चढला होता. पावसाचा एक थेंबही आत गेला नव्हता. गाडी खराब केली होती ती आत कोंडलेल्या दमट हवेने आणि तिच्यातल्या खारटपणाने. पुढची सगळी तयारी या दोघांविरुद्ध आहे, हे लक्षात ठेवले की कोणते काम कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही.

काम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन कडक असताना उरकावे. गाडी साबणाच्या पाण्याने धुवावी, मात्र प्रेशरचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि हँडलखालच्या कोनसेटवर मारू नये, कारण त्याने ग्रीस निघून पाणी आत शिरते. धुतल्यानंतर पुसून लगेच झाकणे ही सर्वांत मोठी चूक होय. किमान वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून आणावी, म्हणजे फटींतले पाणी उडून जाते, सायलेन्सर आतून कोरडा होतो आणि इंजिन ऑइलही गरम होते.

ऑइल गरम असतानाच बदलावे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्ले आणि ओल असते, आणि ती चार महिने बेअरिंगांवर बसून राहणे चांगले नाही. ‘ऑक्टोबरमध्ये बदलू, आत्ता कशाला पैसे घालवायचे’ हा विचार मीही केला आहे. तो उलटा आहे. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेला तोच घ्यावा आणि डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए२ हे मोटरसायकलच्या ऑइलचे मानक लिहिले आहे याची खात्री करावी, कारण बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारचे ऑइल घातल्यास तो घसरू शकतो.

सर्वांत जास्त लक्ष पेट्रोलकडे द्यावे लागते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. ओल प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. टाकी तिथूनच गंजू लागते. अर्धी टाकी म्हणजे अर्धी दमट हवा, म्हणून टाकी गळ्याच्या खालपर्यंत भरून ठेवावी. फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे साठवलेले पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे द्रव्य, घालायचा असल्यास तो आधी टाकीत ओतून मग पेट्रोल भरावे आणि थोडी गाडी चालवावी, म्हणजे मिश्रण इंजेक्टरपर्यंत पोहोचते. घरात कॅनमध्ये पेट्रोल साठवण्याचा विचारही करू नये.

गाडी कार्ब्युरेटरची असेल तर आणखी एक काम आहे. पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, आणि ते थंड झाल्यावर कार्ब्युरेटरच्या खालच्या कटोरीचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल एका काचेच्या बाटलीत घ्यावे. बाटली उजेडात धरून पाहावी. एका वर्षी माझ्या बाटलीत वर फिकट, स्वच्छ पेट्रोल होते आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा गढूळ थर होता. बाटली तिरकी केली की तो एकसंध सरकत होता. त्या थरानेच जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र, तुंबतो, आणि मग ऑक्टोबरमध्ये किक मारून मारून पाय दुखतो.

सिलिंडरसाठी स्पार्क प्लग काढून त्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडावे, गाडी डबल स्टँडवर वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने तीन-चार वेळा फिरवावे आणि प्लग परत बसवावा. स्टार्टरचे बटण यासाठी दाबू नये. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधावी आणि त्याची चिठ्ठी चावीच्या जुडग्याला अडकवून ठेवावी.

बॅटरी काढताना आधी वजा टोक सोडावे, मग अधिक. बसवताना नेमका उलटा क्रम ठेवावा. वजा टोक जोडलेले असताना अधिक टोकावर लावलेला पाना चॅसिसला टेकला तर ठिणगी उडते. बॅटरीचे व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो. काही तास न वापरलेल्या, पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर तो साधारण १२.६ ते १२.८ दाखवतो, आकडा १२.४ च्या खाली गेला की चार्ज करावी. रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होते आणि मग ती चार्ज धरत नाही. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून ती देवघरातल्या समईपासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडकीजवळ ठेवावी.

चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करावी. ओ-रिंग असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये, कारण त्याने रबर खराब होते. कोरडी झाली की आतल्या बाजूने ९० नंबरचे गिअर ऑइल लावून जास्तीचे पुसून टाकावे. उघड्या नटबोल्टांवर गंजरोधक स्प्रेचा हलका हात फिरवावा, पण ब्रेकची डिस्क, पॅड आणि टायर यांना त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये.

जागा निवडताना पाणी तुंबण्याचा इतिहास पाहावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी कित्येक पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. दरवर्षी तसे होत नसले तरी तुमच्या पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी येत असल्यास गाडी उंच भागात हलवावी. बुडालेली गाडी कोणत्याही परिस्थितीत सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढावे आणि ऑइल बदलावे. कव्हर कापडी, हवा खेळणारे घ्यावे आणि खालून मोकळे ठेवावे. पंधरा दिवसांतून एकदा कोरड्या दुपारी ते काढून उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, तेही पाहावे. दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करण्याची शिफारस अनेक जण करतात, ती मला पटत नाही: तेवढ्यात इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी मात्र साचते.

गाडी उभीच आहे तर सुधारणांची कामेही याच काळात करावीत, आणि त्यांत दिसणाऱ्या वस्तूंपेक्षा न दिसणाऱ्यांना आधी पैसे द्यावेत. ब्रेक फ्लुइड ओल शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. पुढच्या फोर्कचे ऑइल आणि सील, चाकांची व कोनसेटची बेअरिंगे, क्लच केबल ही कामे घाईत कधीच होत नाहीत. बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीटला नमुना सोबत घेऊन जावे. टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक पाहावा: १८२३ म्हणजे २०२३ सालचा अठरावा आठवडा. मोबाइल चार्जरचे सॉकेट बसवायचे असल्यास ते चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या वायरवरून, ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज लावून घ्यावे. कर्कश सायलेन्सरच्या मोहात मात्र पडू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि शेजारच्यांची झोपमोड होते ती निराळीच.

गाडी उभी असली तरी विम्याची तारीख चुकवू नये, कारण मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. आमच्याकडे गाडी दसऱ्याला बाहेर निघते. आदल्या दिवशी पिशवी काढावी, बॅटरी बसवावी, टायरमध्ये हवा भरावी, क्लच दाबून गाडी गिअरमध्ये पुढे-मागे ढकलून चिकटलेल्या प्लेटा सोडवाव्यात, पीयूसीची मुदत पाहावी आणि मगच स्टार्टर दाबावा. पहिल्या मिनिटात थोडा निळसर धूर येतो, तो मे महिन्यात सोडलेल्या चमचाभर ऑइलचा असतो. पहिले दोन-तीन ब्रेक इमारतीच्या आवारातच, हळू वेगात मारून पाहावेत. झेंडूचा हार त्यानंतर घालावा, आणि तो पुढच्या चाकात अडकणार नाही इतका आखूड असावा.