ॲप्रेंटिस म्हणून कारखान्यात जाण्याआधीची तयारी

पदविका किंवा पदवी पदरात पडली आणि चाकण, पिंपरी, रांजणगाव नाहीतर वाळूजच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात वर्षभरासाठी ॲप्रेंटिस म्हणून निवड झाली, की रुजू होईपर्यंत हातात थोडे दिवस उरतात. बहुतेक मुलं ते कागद गोळा करण्यात घालवतात. कागद लागतातच, पण ते काम दोन दिवसांत उरकतं. उरलेले दिवस नीट मोजायला शिकण्यात घालवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. का, ते पुढे येईलच.

कागदांचं आधी बघू. एनएटीएसच्या, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या, पोर्टलवर नोंदणी झाली आहे ना, ते तपासा. आधार, गुणपत्रिका आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडा. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर ते शेवटी असतं, आणि वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये कुठेतरी एक अक्षर कमी-जास्त निघतंच. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे आजच करा. खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण विद्यावेतनातला सरकारचा वाटा थेट तुमच्या खात्यात येतो. मूळ कागदांचा एक संच घरीच ठेवा, सोबत साक्षांकित प्रती आणि फोटो न्या.

सही करण्याआधी करार पूर्ण वाचा. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्यात 1973 च्या दुरुस्तीने आले. या कायद्याखालचा करार पोर्टलवर नोंदवला जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि वर्ष पुरं झाल्यावर पश्चिम विभागातल्या मुलांना मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं. ठेकेदारामार्फत नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून घेत असतील तर ती गोष्ट वेगळी, म्हणून क्रमांक मागून घ्या. त्यात संकोच नको. 2019 च्या नियमांनी पदवीधरांना महिना किमान 9000 रुपये आणि पदविकाधारकांना 8000 रुपये ठरवले होते, तुमच्या करारात आज काय आकडा आहे तो बघा. दुसरी गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा: वर्षानंतर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन कंपनीवर नसतं. पण कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क शिकाऊ उमेदवारालाही आहे, आणि सुरक्षिततेचे नियम कामगाराइतकेच त्यालाही लागू आहेत.

आता मोजण्याबद्दल. कॉलेजात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर (बारीक मापं घेण्याची साधनं) एका प्रॅक्टिकलपुरते हातात येतात, तेही चौघांत एक. शॉप फ्लोअरवर मात्र तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही मायक्रोमीटर कसा धरता यावरून ठरतं. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये किंवा जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन सराव करा. आधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं स्वच्छ कापडाने पुसायची, मग शून्य तपासायचं, मग जॉब, म्हणजे मोजायचा भाग, पुसायचा. थिंबल (फिरणारी जाड नळी) पिळायचं नाही, टोकाचं रॅचेट फिरवायचं आणि त्याची टिकटिक ऐकू आली की थांबायचं. एकाच जागी तीनदा मोजा. तीन वेगळी मापं आली तर दोष बहुधा हाताचा असतो.

मग ड्रॉइंगवरचा आकडा आणि हातातला जॉब यांची सांगड घाला. समजा शाफ्टवर 25 मिलिमीटर, स्मॉल एच7 असं लिहिलं आहे. त्याचा अर्थ व्यास 25.000 च्या वर जायचा नाही आणि 24.979 च्या खाली उतरायचा नाही. एकूण मोकळीक, म्हणजे टॉलरन्स, 21 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता हा पोलादी शाफ्ट लेथवरून नुकताच उतरलाय आणि खोलीपेक्षा तीस अंशांनी गरम आहे. पोलाद एका मीटरला, एका अंशाला साधारण 12 मायक्रॉन फुगतं, म्हणजे हा शाफ्ट जवळपास 9 मायक्रॉनने जाड दिसतोय. जवळजवळ अर्धी टॉलरन्स उष्णतेनेच खाल्ली! गरम असताना 24.985 भरलेला जॉब थंड झाल्यावर 24.976 होतो आणि रिजेक्शनच्या पेटीत जातो. हे गणित वहीत स्वतः एकदा मांडून बघा. मापनाचं संदर्भ तापमान 20 अंश का ठरवलंय आणि क्वालिटीच्या खोलीत एसी कशासाठी असतो, ते मग कुणी समजावून सांगावं लागत नाही. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, मोकळ्या आणि घट्ट बसणाऱ्या फिटांची नावं, पृष्ठभागाच्या खुणा हेही उजळून घ्या. कॅडमध्ये तुम्ही कितीही तयार असलात तरी कागदावरची ड्रॉइंग पटकन वाचता येणं निराळं.

अंगावरच्या वस्तूंबाबत मी अजिबात सवलत देत नाही. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवा. मनगटावरचा पूजेचा धागा आणि राखीसुद्धा मशीनजवळ जाण्याआधी काढायची. देवाला ते चालतं, लेथच्या फिरत्या ‘चक’ला (जॉब पकडणाऱ्या जबड्याला) चालत नाही. मुलींनी वेणी टोपीखाली बांधून घ्यावी. ड्रिल किंवा लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण कापड ओढलं गेलं की मागोमाग हात जातो. बर (कापताना निघणारा धातूचा कीस) हाताने काढायचा नाही, ब्रश किंवा आकडा घ्यायचा. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायचे नाहीत, आजूबाजूला सगळे तसं करत असले तरी. सेफ्टी शूज कंपनी देते, पण ते पायात रुळेपर्यंत फोड येतात, म्हणून जाड सुती मोजे आधीच घेऊन ठेवा.

राहण्याचं म्हणाल तर खोली भाड्याने घेण्याआधी कंपनीची बस कुठे थांबते ते विचारा. पहिल्या पाळीला पहाटेच निघावं लागतं, तेव्हा थांब्यापर्यंत चालत जाता येणं भाड्यातल्या थोड्या फरकापेक्षा मोलाचं ठरतं. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, घरी जायचे बेत त्या हिशेबाने करा. रात्रपाळी असेल तर खिडकीला जाड पडदा लावा.

फोन बहुतेक ठिकाणी गेटवरच जमा होतो किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लागतं, म्हणून खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल लागेल. कंपनीची ड्रॉइंग त्यात उतरवू नका. ऑपरेटरला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं ते लिहा. वीस-पंचवीस वर्षं एकाच मशीनवर काढलेले काका इन्सर्ट (मशीनमधलं कापणारं पातं) बोथट झाल्याचं आवाजावरून ओळखतात. त्यांना ‘मशीन कसं चालतं’ असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर मिळेल. ‘काका, आत्ता इन्सर्ट बदललात, कशावरून कळलं?’ असं विचारा. आणि कँटीनला त्यांच्यासोबत बसा.

प्रशिक्षण विभागाकडून पहिल्याच आठवड्यात वर्षाचा आराखडा मागून घ्या: मशीन शॉप किती महिने, असेंब्ली, क्वालिटी आणि मेंटेनन्स किती. शिकायला आलेल्या मुलाला बारा महिने एकाच स्टेशनवर बोल्ट आवळायला उभं करणं हा अन्याय आहे, आणि तो होतो. तसं दिसलं तर गप्प बसू नका. वहीतल्या तारखा दाखवून आधी सुपरवायझरला, मग प्रशिक्षण अधिकाऱ्याला, आदराने पण लेखी कळवा. दर महिन्याची नोंद त्या त्या महिन्यातच सही करून घ्या. सुपरवायझर बदलतात, आणि जुन्या नोंदींवर नवा माणूस सही करत नाही.