गवताचे परागकण हवेत कधी वाढतात? वेळ ठरवताना होणाऱ्या या चुका टाळा

इंग्लंडमध्ये मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गवताला तुरे येतात आणि येथील अनेक मराठी घरांत शिंका सुरू होतात. भारतात ज्यांना हा त्रास कधीच झाला नव्हता, त्यांनाही येथे काही वर्षे काढल्यावर तो जडू शकतो. अशा वेळी औषधाबरोबर 'सकाळी बाहेर पडू नका' हा सल्लाही मिळतो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण फूल उमलण्याची, हवा परागकणांनी भरण्याची आणि ते कण आपल्या खिडकीशी उतरण्याची वेळ एकच नसते.

पहाट आणि सकाळ यांत फरक न करणे ही पहिली चूक होय. पहाटे तुरा दवाने ओला असतो आणि परागकोश, म्हणजे फुलातल्या पराग भरलेल्या पिशव्या, बंद असतात. ऊन वाढले की प्रत्येक फुलाच्या तळाशी असलेले दोन इवलेसे खवले पाणी शोषून फुगतात, फुलावरची तुसे बाजूला सारतात आणि परागकोश बारीक देठांवर बाहेर लोंबू लागतात. ते वाळून तडकले की पराग वाऱ्यावर जातो. घरामागच्या पायवाटेवरचा एक तुरा मी सकाळी सहाला बाहीवर झटकला, तेव्हा फक्त पाण्याचे थेंब उडाले. त्याच जागेवरचा दुसरा तुरा साडेनऊला झटकला, तर बाहीवर पिवळसर भुकटीचा पट्टा उमटला. म्हणून धावायला जायचेच असेल, तर दव असेपर्यंत परतावे. मात्र सर्व गवतांचे वेळापत्रक सारखे नसते. इंग्लंडमधले 'यॉर्कशायर फॉग' नावाचे मऊ लवदार गवत सकाळी आणि दुपारनंतर असे दोनदा फुलते. सकाळ थंड किंवा पावसाळी असेल, तर फुलणे लांबते आणि पुढच्या कोरड्या, उबदार दिवशी तुरे मोठ्या संख्येने उमलतात.

सर्वांत जास्त त्रास देणारी चूक मात्र संध्याकाळची आहे. दिवसभर खिडक्या बंद ठेवायच्या आणि सातच्या सुमारास गारवा आला की सताड उघडायच्या, हा क्रम मी दोन उन्हाळे पाळला आणि दोन्ही उन्हाळे रात्री नाक चोंदलेलेच राहिले. दुपारी तापलेली जमीन हवेला वर ढकलते आणि त्या हवेबरोबर परागकणही उंच जातात. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पतंगांच्या साहाय्याने उंचावरचे परागकण गोळा केले होते आणि तेथे ते जमिनीलगतच्या हवेपेक्षा अधिक सापडले होते. ऊन कलल्यावर हा उपसा थांबतो. गवताचा परागकण साधारण ३० ते ४० मायक्रोमीटरचा असतो आणि स्थिर हवेत तो सेकंदाला सुमारे २ ते ३ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. म्हणजे १०० मीटर उतरायला त्याला तास-सव्वा तास लागतो. शहरातील इमारती आणि रस्ते उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, त्यामुळे तेथे सकाळनंतरची ही परागकणांची दुसरी लाट आणखी उशिरा येऊ शकते. झोपण्याची खोली हवेशीर करायची असेल, तर ती पहाटे करावी. दोरीवरचे कपडेही संध्याकाळपूर्वीच आत आणावेत आणि बाहेरून आल्यावर केस धुवावेत.

परागकणांच्या रोजच्या अंदाजातला आकडा 'आत्ताचा' समजणे हीदेखील नेहमीची चूक आहे. मोजणीचे पारंपरिक यंत्र मिनिटाला १० लिटर हवा ओढते, कण तासाला २ मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट पट्टीवर पडतात आणि नंतर ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात. ब्रिटनमध्ये एका घनमीटरमागे ५० कणांपासून 'जास्त' पातळी धरतात, पण हा संपूर्ण दिवसाचा सरासरी आकडा असतो. सरासरी ४० असलेल्या दिवशीही एखाद्या तासात त्याच्या कितीतरी पट कण हवेत असू शकतात. त्यामुळे आपल्या शिंकांची तासवार नोंद आठवडाभर ठेवावी. त्रास मार्च-एप्रिलमध्येच होत असेल, तर बर्चसारख्या झाडांचा संशय घ्यावा. तो वर्षभर अंथरुणात वाढत असेल, तर धुळीतल्या किड्यांचा.

पाऊस आला म्हणजे हवा स्वच्छ झाली, असे सरसकट मानू नये. संथ, दीर्घ पाऊस कण खाली बसवतो हे खरे. परंतु वादळाच्या सुरुवातीला ओलाव्याने परागकण फुटतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म स्टार्चकण थेट फुप्फुसांत उतरतात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी आलेल्या अशा वादळानंतर दम्याच्या झटक्यांनी १० जणांचा मृत्यू झाला. बाधितांमध्ये भारतीय वंशाच्या लोकांचे प्रमाण लक्षणीय होते आणि अनेकांना पूर्वी दमा असल्याचे निदानच झालेले नव्हते. छातीत घरघर होत असेल, तर ती साधी ॲलर्जी समजून घरी अंगावर काढू नये.

औषधाच्या वेळेबाबतही गल्लत होते. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा शिंक आल्यावर एकदा मारून भागत नाही. तो हंगामाच्या साधारण दोन आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून, रोज सुरू करावा लागतो.

दिवाळीत घरी जाणाऱ्यांनी इंग्लंडचे घड्याळ महाराष्ट्राला लावू नये. तेथे डोंगरउतारांवरची कुसळीसारखी गवते पावसाळा सरता सरता फुलतात. ज्वारीही गवताच्याच कुळातली असून तिची फुले सूर्योदयाच्या आसपास उमलतात, त्यामुळे निसवलेल्या ज्वारीच्या शेताशेजारी पहाटेची फेरी सुरक्षित मानता येत नाही. गाजर गवत मात्र नावापुरतेच गवत आहे. ते सूर्यफुलाच्या कुळातले असल्याने त्याच्या त्रासाला वरचे वेळापत्रक लागू होत नाही.