टर्मिनलवरून कामाच्या तासांची नोंद: टाइमवॉरिअर कसे वापरावे

तासांवर पैसे घेणाऱ्याचे पैसे बुडतात ते महिनाअखेरीला आठवून आठवून हिशोब लिहिताना. टाइमवॉरिअर हे टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारे फुकट आणि मुक्तस्रोत साधन त्यावर चांगला उपाय आहे. लॉगिन नाही, इंटरनेट लागत नाही, सगळ्या नोंदी आपल्याच संगणकावर राहतात.

ते बसवायला उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टाइमवॉरिअर’, मॅकवर होमब्रू (प्रोग्रॅम बसवायचे साधन) असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल टाइमवॉरिअर’. चालवायची आज्ञा मात्र आखूड आहे: ‘टाइम’ या इंग्रजी शब्दाला जोडून डब्ल्यू, मध्ये जागा न सोडता. (इथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अक्षरे आणि आकडे इंग्रजीच.) पहिल्या वेळी नोंदींसाठी जागा तयार करू का असे विचारले जाते, होकार द्या.

कामाला बसलात की:

टाइमडब्ल्यू स्टार्ट भाषांतर

उठलात की:

टाइमडब्ल्यू स्टॉप

‘भाषांतर’ हा टॅग, म्हणजे नोंद ओळखायची खूण. ग्राहकाचे नाव आणि कामाचा प्रकार असे दोन टॅग पुरतात; मी सुरुवातीला सात-आठ लावायचो, आठवडाभरात कंटाळलो. दुसरे काम सुरू केले की आधीचे आपोआप थांबते, त्यामुळे दिवसभरात ‘स्टॉप’ फारसे लागतच नाही.

इथवर सोपे आहे. खरी गरज पडते ती विसरल्यावर. एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी तसाच उठलो. सोमवारी सकाळी नऊला पाहतो तर शुक्रवारचे काम अजून चालूच, वर त्रेसष्ट तास जास्तीचे! लॅपटॉप दोन दिवस बंद होता, तरीही. कारण हे साधन मागे बसून घड्याळ चालवत नाही. सुरुवातीची वेळ तेवढी फाइलीत लिहून ठेवते आणि विचारले की आत्ताच्या वेळेतून वजा करते. अशा वेळी थांबल्याची खरी वेळ द्यायची. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये इंग्रजी टी:

टाइमडब्ल्यू स्टॉप २०२५-०३-०७टी१८:००

सुरूच करायला विसरलात, तर:

टाइमडब्ल्यू ट्रॅक ९:०० - ११:०० भाषांतर

ही वेळ आधीच्या नोंदीवर चढत असेल तर आज्ञा नाकारली जाते. शेवटी ‘:ॲडजस्ट’ जोडल्यास जुनी नोंद कापून नवी बसते, म्हणून आधी नीट पाहून घ्या. चुकलेच तर ‘टाइमडब्ल्यू अनडू’ आहे.

आठवड्याचा हिशोब:

टाइमडब्ल्यू समरी :वीक :आयडीज

नुसते ‘समरी’ म्हटले तर आजचाच दिवस दिसतो. ‘:आयडीज’मुळे प्रत्येक नोंदीपुढे क्रमांक येतो; ‘टाइमडब्ल्यू डिलीट @२’ अशी एखादी नोंद काढताना तो लागतो. नवी नोंद आली की क्रमांक सरकतात. सकाळी पाहिलेला क्रमांक दुपारी वापरू नका.

बिलासाठी ‘:मंथ’ आणि ग्राहकाचा टॅग द्या, एकूण तास तळाशी मिळतात.

नोंदी दर महिन्याच्या साध्या मजकूर फाइलीत असतात, तेव्हा बॅकअप म्हणजे फोल्डरची नक्कल. फाइल उघडून पाहिलीत तर सकाळी नऊची नोंद साडेतीनची दिसेल. घाबरून दुरुस्त करायला जाऊ नका. आत वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पडद्यावर ती भारतीय वेळेतच येते.